नागपुरात घरी झिंगे करायचे तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी मी घरून मांसाहारी डबे देते. मटणाबद्दल किंवा गावरान कोंबडीबद्दल नागपुरात मला कोणी काही विचारत नाही. ते सगळ्यांना येतं, निदान सगळ्यांना तसं वाटतं. फोन येतात ते झिंग्यांसाठी. कोणाचे रबरासारखे झाले, कोणाच्या रश्श्याला वास आला, कोणी दीड किलो आणले आणि साफ केल्यावर वाटीभर उरले. तेच तेच प्रश्न आठवड्यातून चारदा येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. मापं माझ्या हातची आहेत, तिखट आपापल्या घराप्रमाणे कमीजास्त करा.

झिंगे, कोळंबी, प्रॉन्स, श्रिम्प हे सगळं एकच का?

स्वयंपाकापुरतं एकच. मुंबई-कोकणात कोळंबी म्हणतात, आपल्याकडे झिंगे, हॉटेलच्या मेन्यूवर प्रॉन्स. प्रॉन आणि श्रिम्प यांत प्राणिशास्त्रात फरक आहे, कढईत नाही. अगदी बारीक, वाळवलेला तो जवळा, तोच आपल्याकडे बहुतेक घरांत सुकट म्हणून ओळखला जातो. सोलून वाळवलेली मोठी कोळंबी म्हणजे सोडे. सोडे इथे कमी मिळतात. कोणी मुंबईहून येणारं असेल तर सांगून ठेवा.

नागपूरला समुद्र नाही. मग हे येतात कुठून?

समृद्धी महामार्गाने गेलं तरी मुंबई सातशे किलोमीटर, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. आपल्या बाजारात ढोबळमानाने दोन प्रकारचा माल असतो.

पहिला आंध्रचा. देशात शेततळ्यांतल्या झिंग्यांचं सर्वांत जास्त उत्पादन आंध्र प्रदेशात होतं. त्यातली मुख्य जात व्हेनामी. ती मूळची पॅसिफिक महासागराच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्यावरची, आपल्याकडे तिची शेती करायला 2009 मध्ये परवानगी मिळाली. पांढुरकी, पातळ सालीची, चवीला सौम्य. थर्माकोलच्या पेट्यांत बर्फावर जे करडे-पांढरे झिंगे दिसतात ते बहुतेक हेच.

दुसरा आपला, गोड्या पाण्यातला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडचे मालगुजारी तलाव आणि वैनगंगेचं खोरं यांतून येणारा. ढिवर समाजाची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर आहे. यात बारीक झिंगेही असतात आणि लांब निळसर नांगीचे मोठेही. मोठ्यांचं डोकं अंगाच्या मानाने प्रचंड असतं, वजनात ते धरूनच भाव करा. चवीला मात्र मला हेच आवडतात. रश्श्याला जी गोडी यांच्या डोक्यांतून येते ती व्हेनामीला येत नाही. एक अडचण आहे. गोड्या पाण्यातला झिंगा मेल्यावर फार लवकर मऊ पडतो, कारण डोक्यातले पाचकरस अंगाचं मांस सैल करू लागतात. घरी आणल्या आणल्या डोकी काढून वेगळी ठेवा, बाकीचं नंतर.

समुद्रातले झिंगे वर्षभर मिळतात का?

पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिल ते 14 जून आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. शेततळ्यांच्या मालाला ती लागू नाही. म्हणून नागपुरात व्हेनामी बाराही महिने दिसतो आणि बंदीचा फारसा पत्ता आपल्याला लागत नाही. त्या काळात कोणी ‘आज सकाळचा दर्याचा माल’ म्हणाला तर हसून पुढे जा.

बाजारात कुठे आणि कधी जावं?

मी सदरमधल्या ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारात जाते. शहरातल्या जुन्या भागात राहणाऱ्यांना भोईपुऱ्याचा मासळीबाजार जवळ पडतो. कुठेही जा, पण सकाळी जा. रविवारी दहानंतर गर्दी असते आणि चांगला माल उचललेला असतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या आसपास असताना, दुपारी तर झिंगे घेऊच नका. घरातून झाकणाचा स्टीलचा डबा न्या आणि विकणाऱ्या भाऊंकडूनच थोडा बर्फ मागून घ्या. कोणी नाही म्हणत नाही. मंगळवारीहून मनीषनगरला पोचेपर्यंत सिग्नलवर उभ्या गाडीच्या डिक्कीत, काळ्या पन्नीत झिंग्यांचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

ताजे कसे ओळखायचे?

नाकाने. बाकी सगळं त्यानंतर. ताज्या झिंग्याला पाण्यासारखा, जरासा खारट वास असतो. अमोनियाचा, म्हणजे न धुतलेल्या मुतारीसारखा झणका आला की भाव कितीही कमी असो, घेऊ नका. तो वास हळद-मीठ लावून जात नाही, लिंबाने जात नाही, सावजी मसाल्यानेही जात नाही.

मग डोकं बघा. धडाला घट्ट चिकटलेलं हवं. उचलल्यावर डोकं लोंबत असेल, मानेजवळ पिवळट-नारिंगी पाणी सुटलं असेल तर माल शिळा. साल चकचकीत आणि अंगाला घट्ट हवी. सालीवर काळे ठिपके असतील तर लगेच घाबरू नका. कापलेलं सफरचंद हवेत काळं पडतं तसलाच तो प्रकार आहे. एखाददुसरा ठिपका आणि वास स्वच्छ, तर चालतं. सगळी डोकी काळी असतील तर माल बराच वेळ पडून आहे असं समजा.

सोललेले झिंगे मी बाजारातून घेत नाही. एकदा घाईत घेतले होते. संध्याकाळची वेळ, पाहुणे आठ वाजता यायचे होते, पिशवीत छान गुलाबीसर दिसत होते. घरी चाळणीत ओतून नळ सोडला आणि वास सरळ हॉलपर्यंत गेला. किलोभर झिंगे फेकले, पाहुण्यांना अंडाकरी. डोकं आणि साल हाच झिंग्याचा दाखला असतो. तो काढून टाकला की विकणारा सांगेल ते खरं मानावं लागतं.

चार माणसांना किती आणू?

डोक्यासकट एक किलो आणलेत तर साफ केल्यावर साधारण निम्मे उरतात. म्हणजे पाचशे ग्रॅमच्या आसपास, आणि ते चौघांना रश्श्यात पुरतात. नुसते परतून खायचे असतील तर दीड किलो आणा. लांब नांगीवाले असतील तर निम्म्याहूनही कमी उरतील, हिशेब तसा धरा.

दुकानात ‘तीस काउंट’, ‘पन्नास काउंट’ असं ऐकू येतं, म्हणजे किलोत तेवढे नग. आकडा लहान तितका झिंगा मोठा. घरच्या रश्श्याला चाळीस ते साठ काउंट पुरे. वीस-तीसचे मोठे तव्यावर भाजायला चांगले, रश्श्यात ते पैसे वाया.

साफ कसे करायचे? काळा दोरा काढलाच पाहिजे का?

डोकं धरा, धड धरा, किंचित पिळून ओढा. नीट ओढलं तर डोक्याबरोबर काळा दोराही अर्धा बाहेर येतो. मग पोटाकडून, पायांच्या बाजूने, अंगठा साली-खाली घालून साल फिरवत सोडवा. शेपटीचं टोक मी ठेवते, ताटात झिंगा झिंग्यासारखा दिसतो. मग पाठीवर सुरीने हलकी रेघ, जेमतेम सालपापुद्र्याइतकी खोल. त्यात जो काळा दोरा दिसतो तो आतडं आहे. सुरी चालवायची भीती वाटत असेल तर पाठ वाकवा, दुसऱ्या आणि तिसऱ्या कड्याच्या मधे टूथपिक आडवी घाला आणि हळू वर उचला. दोरा अखंड येतो. तो तसा येताना बघण्यात एक समाधान आहे, माझ्या भाचीला ते काम आवडतं म्हणून आमच्याकडे ते तिच्याकडेच असतं.

दोरा राहिला तर विषबाधा होत नाही, शिजतो तोही. पण मोठ्या झिंग्यात तो दाताखाली रेतीसारखा लागतो आणि कडवट वाटतो. बारीक झिंग्यांचा काढत बसलात तर संध्याकाळ होईल, राहू द्या.

शेवटी थंड पाण्याने दोनदाच धुवा आणि चाळणीत निथळत ठेवा. पाण्यात भिजत ठेवले तर चव पाण्यात जाते. डोकी आणि साली टाकू नका, पुढे लागणार आहेत.

फ्रोझन चालतात का?

चालतात. मे-जूनमध्ये तर मी म्हणेन तेच घ्या. बाजारातला ‘ताजा’ झिंगासुद्धा आपल्यापर्यंत बर्फावर रात्रभराचा प्रवास करून आलेला असतो. चांगल्या थंड साखळीतलं पाकीट त्याहून वाईट असायचं कारण नाही.

तीन गोष्टी बघा. पाकिटात झिंगे सुटे खुळखुळत असावेत. एकच ढेकूळ झालं असेल तर मधे कुठेतरी वितळून पुन्हा गोठलंय. प्रत्येक झिंग्यावर बर्फाचा पातळ थर देतात, तो वजनात मोजलाय की नाही ते पाकिटावर ‘नेट वजन’ वाचून समजतं. आणि रंग. करडे असतील तर कच्चे. गुलाबी असतील तर आधीच उकडलेले आहेत, त्यांना फक्त गरम करायचं, शिजवायचं नाही.

रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा. विसरलात तर बंद पिशवीसकट थंड पाण्यात अर्धा तास. गरम पाण्यात नाही, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ओट्यावर तर मुळीच नाही. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नका.

ताई, माझे झिंगे दर वेळी रबरासारखे का होतात?

हा प्रश्न रोजचा. उत्तरही दर वेळी एकच: तुम्ही ते मटणासारखे शिजवता.

आपला हात मटणावर बसलेला आहे. मटणाच्या चिवट मांसाला वेळ लागतो, तास-दीड तास मंद आचेवर ठेवलं की त्यातली जाळी विरघळते आणि ते मऊ होतं. जितकं रटरटेल तितकं चांगलं, हे आपण लहानपणापासून बघत आलो. झिंग्यात विरघळायला असं काही नाहीच. तो सुरुवातीलाच मऊ असतो. उष्णता लागली की मांसातली प्रथिनं आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात. योग्य वेळी थांबलात तर रसरशीत, पाच मिनिटं जास्त तर रबर, आणि आणखी वीस मिनिटं शिजवून ते रबर मऊ होत नाही. कुकरची शिट्टी तर विसराच. झिंगे कुकरला लावणाऱ्या एका काकूंशी माझं यावरून दोन वर्षं चाललं आहे.

म्हणून क्रम उलटा करा. मसाला आधी पूर्ण शिजवा, तेल सुटू द्या, रस्सा उकळू द्या, मीठ-आंबट चाखून घ्या. ताटं मांडा. मग झिंगे सोडा. बारीक असतील तर दोन मिनिटं, मध्यम तीन, मोठे चार. गॅस बंद केल्यावरही रश्श्यातल्या उष्णतेने ते शिजतच असतात, म्हणून जरा आधीच थांबायचं.

घड्याळ नको असेल तर आकार बघा. कच्चा झिंगा जवळजवळ सरळ असतो. शिजला की इंग्रजी ‘सी’सारखा वळतो. ‘ओ’सारखा गोल आवळला की उशीर झाला. रंगही सांगतो: करडा, काचेसारखा पारदर्शक दिसणारा झिंगा बाहेरून नारिंगी-गुलाबी आणि आतून दुधाळ पांढरा होतो. तो नारिंगी रंग झिंग्यात आधीपासून असतोच, अ‍ॅस्टाझँथिन त्याचं नाव. कच्चेपणी तो एका प्रथिनाला बांधलेला असल्याने निळसर-करडा दिसतो. आच लागली की प्रथिनाची पकड सुटते आणि रंग मोकळा होतो. सगळ्यात जाड भागाशी, डोक्याकडच्या टोकाला, करडेपणा गेला की झालं.

परतताना पाणी सुटतं आणि झिंगे उकडल्यासारखे होतात. काय चुकतं?

कढईत गर्दी होते. धुतल्यावर जुन्या सुती कापडाने टिपून घ्या, कढई चांगली तापू द्या आणि एका वेळी एकच थर घाला. पाव किलोच्या दोन खेपा करा. थेट फ्रिजमधून काढून घातले तरी असंच होतं.

मीठ-हळद-लिंबू लावून किती वेळ ठेवायचे?

मीठ-हळद पंधरा-वीस मिनिटं पुरे. लिंबू लावायचंच असेल तर दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, कारण आंबटाने झिंग्याचं मांस बाहेरून पांढरं पडतं आणि आवळतं, न शिजवताच. आदल्या रात्री लिंबू लावून ठेवणाऱ्यांचे झिंगे सकाळी अर्धवट शिजल्यासारखे असतात आणि मग गॅसवर उरलेलं होतं. मी लिंबू शेवटी पिळते.

हॉटेलसारखा करकरीत चावा हवा असेल तर अर्ध्या किलोला अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा चोळून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि धुऊन टिपून घ्या. रश्श्यासाठी याची गरज नाही.

अगदी सोपं, पंधरा मिनिटांत होणारं काही सांगा.

लसणाचे झिंगे. माझ्या घरी आठवड्याला हेच होतं.

साफ केलेले तीनशे ग्रॅम झिंगे टिपून घ्या, मीठ आणि पाव चमचा हळद लावा. वायगावची हळद असेल तर चिमूटभर कमी, ती जोरदार असते. लसणाच्या बारा-पंधरा पाकळ्या खलबत्त्यात ठेचा, पेस्ट करू नका, पेस्ट जळते. दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरा.

लोखंडी कढई तापवा, दोन मोठे चमचे फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल. झिंगे एका थरात घाला आणि मिनिटभर हात लावू नका. हेच कठीण असतं, आपल्याला सराटा हातात घेतला की ढवळायचंच असतं. चुर्रर्र आवाज मोठा आणि कोरडा यायला हवा. आवाज बसला, बुडबुड सुरू झाली तर पाणी सुटलंय, गॅस वाढवा. मिनिटाने उलटवा, आणखी मिनिटभर, आणि ताटलीत काढून ठेवा. अजून किंचित कच्चे असतील, असू द्या.

आता गॅस कमी. त्याच तेलात लसूण आणि मिरच्या. लसणाच्या कडा सोनेरी झाल्या की अर्धा चमचा तिखट आणि लगेच दोन चमचे पाणी, म्हणजे तिखट जळत नाही. कढईच्या तळाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या, खरी चव तिथे आहे. झिंगे परत घाला, अर्धा मिनिट हलवा, गॅस बंद. अर्धं लिंबू आणि मूठभर सांबार. (पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं नाही.) गरम पोळी किंवा साधं वरण-भात.

सावजी पद्धतीचे झिंगे घरी जमतील का?

जमतील, पण मटणाचा सावजी मसाला जसाच्या तसा घालू नका. सावजी ही हलबा कोष्टी समाजाची पाककला, आणि तो मसाला मटणाच्या दमदार चवीसमोर उभा राहायला केलेला आहे. झिंगा नाजूक. पूर्ण मात्रेत घातलात तर ताटात फक्त मसाला लागतो, झिंगा कुठे गेला ते कळत नाही. मी गरम मसाला निम्मा करते. याबद्दल माझा दीर मला सावजीद्रोही म्हणतो, पण डबा मात्र धुतल्यासारखा परत येतो.

आधी डोक्यांचं पाणी. एक किलो झिंग्यांची डोकी-साली स्वच्छ धुऊन चमचाभर तेलात लाल होईपर्यंत परता. तीन ग्लास पाणी घालून वीस मिनिटं उकळा. डोकी सराट्याने दाबा, म्हणजे आतला नारिंगी अर्क उतरतो. बारीक गाळणीतून गाळा. हे पाणी घातलेला आणि न घातलेला रस्सा शेजारी ठेवून बघा, मग तुम्ही साली कधी टाकणार नाही.

मसाल्यासाठी दोन मध्यम कांदे उभे चिरून थोड्या तेलात तांबूस करा. दोन मोठे चमचे किसलेलं सुकं खोबरं आणि एक मोठा चमचा खसखस वेगवेगळी भाजा. चमचाभर धने, अर्धा चमचा जिरं, पाच-सहा मिरे, दोन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, एक मसाला वेलची आणि थोडं दगडफूल कोरडंच भाजा. दगडफूल विसरू नका, सावजीचा तो मातकट-धुरकट वास त्याचाच. सगळं थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा.

गंजात (म्हणजे पातेल्यात) पाच-सहा मोठे चमचे तेल. जुन्या घरांत जवसाचं वापरायचे. मिळालं तर थोडं फल्लीच्या तेलात मिसळून बघा, चव उग्र आहे, सगळ्यांना झेपत नाही. तेलात तेजपान, मग अद्रक-लसणाची पेस्ट, मग वाटण. मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं परता. मसाला आधी तळाला धरतो, मग सैल होतो आणि शेवटी कडेने तेल सोडतो. ते तेल सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही. भिवापुरी मिरचीचं तिखट दोन चमचे (घरात लहान मुलं असतील तर एक), हळद, आणि चमचाभर भाजलेलं ज्वारीचं पीठ, त्याने रस्सा मिळून येतो. डोक्यांचं गरम पाणी ओता, मीठ घाला, दहा मिनिटं उकळू द्या. तर्री वर आली की झिंगे सोडा, तीन मिनिटं, झाकण, गॅस बंद. पाच मिनिटांनी वाढा. ज्वारीची भाकर असली तर उत्तम.

कोकम नाही मिळालं तर आंबट म्हणून काय?

कोकम आपल्याकडचं नाहीच, त्यासाठी अडून राहू नका. चिंचेचा कोळ चालतो. टोमॅटो चालतो, पण रस्सा गोडसर होतो. मला विचाराल तर अंबाडी. आंध्रात अंबाडीला गोंगुरा म्हणतात आणि झिंग्यांशी तिची जोडी तिकडे जुनी आहे, नागपुरातली तेलुगू घरं ती आवर्जून करतात. एक जुडी पाला वाफवून, जास्तीचं पाणी काढून घोटा. कांदा, भरपूर लसूण, हिरव्या मिरच्या यांच्या फोडणीवर घालून तेल सुटेपर्यंत परता आणि शेवटी झिंगे. भातावर घ्यायची भाजी आहे ही. मीठ जरा हात सैल सोडून घाला, अंबाडी मीठ खाते.

सुकटीला पण तीन मिनिटांचाच नियम का?

नाही. सुकट वाळलेली असते, तिचं वेगळं. कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं भाजा, चाळणीने चाळून रेती आणि भुगा काढा, मग दोनदा धुवा आणि घट्ट पिळा. रेती राहिली तर सगळी भाजी फुकट, म्हणून चाळणीचा कंटाळा करू नका. वांग्यात घाला: कांदा, लसूण, तिखट, लहान वांग्यांच्या फोडी, सुकट, झाकणावर पाणी ठेवून वाफ. पावसाळ्यात बाजार नकोसा होतो तेव्हा हीच कामाला येते. साठवायची तर हवाबंद बरणीत, फ्रिजमध्ये. बाहेर ठेवलीत तर घरातल्या साखरेलासुद्धा वास लागेल.

मुलांसाठी कमी तिखट काय करता येईल?

झिंग्यांचा भात. डोक्यांच्याच पाण्यात, जिरं-तेजपान-कांद्याच्या फोडणीवर तांदूळ शिजवा. मीठ-हळद लावलेले झिंगे तुपावर दीड मिनिट परतून घ्या. भात शिजला की वर पसरा, झाकण, गॅस बंद, पाच मिनिटं. भाताबरोबर सुरुवातीपासून शिजवले तर वर सांगितलेलं रबर तयार.

झिंगे खाल्ल्यावर दूध-दही खाल्लं तर अंगावर कोड येतं म्हणतात?

कोड त्या कारणाने होत नाही. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती त्वचेच्या रंगपेशींवर उलटते तेव्हा तो होतो, आणि तो संसर्गजन्यही नाही. ज्यांना पथ्य पाळायचं असेल त्यांनी पाळावं, पण कोणाच्या कोडाचं खापर त्याच्या जेवणावर फोडू नये.

कोलेस्टेरॉल वाढतं का?

शंभर ग्रॅम झिंग्यांत साधारण दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, म्हणजे बऱ्यापैकी. पण संपृक्त चरबी अगदी कमी आणि प्रथिनं वीस ग्रॅमच्या आसपास. डॉक्टरांनी मोजून खायला सांगितलं असेल तर त्यांना विचारून खा. बाकीच्यांनी झिंग्यांपेक्षा तर्रीकडे लक्ष द्यावं.

अ‍ॅलर्जी असलेल्या पाहुण्यांना रस्सा चालेल का, झिंगे न वाढता?

नाही. हे गमतीवारी नेऊ नका. त्रास देणारं प्रथिन उकळून नाहीसं होत नाही आणि ते रश्श्यातही उतरतं. त्यांच्यासाठी वेगळी कढई, वेगळं तेल, वेगळा सराटा. खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या तर सावध व्हा. श्वास लागला, घसा आवळल्यासारखा वाटला, चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखान्यात. आयुष्यभर खाल्लेल्या माणसालाही मोठेपणी हा त्रास सुरू होऊ शकतो.

उरलेले किती दिवस टिकतात?

जेवणं झाली की लगेच फ्रिजमध्ये, उन्हाळ्यात तासाभराच्या आत. दुसऱ्या दिवशी संपवा. गरम करताना आधी झिंगे चमच्याने वेचून बाजूला काढा, नुसता रस्सा खळखळ उकळा, मग झिंगे घालून ते आतपर्यंत गरम झाले की उतरवा.

हाताचा वास आणि साली यांचं काय करायचं?

हात थंड पाण्याने धुवा, गरम पाण्याने वास बसतो असा माझा अनुभव आहे. मग लिंबाच्या सालीने चोळा. सिंकच्या जाळीत अडकलेले मिशांचे तुकडे आठवणीने काढा, दुसऱ्या दिवशीचा वास बहुतेक तिथूनच येतो.

साली मी एकदा गुलाबाच्या कुंडीत पुरल्या होत्या, खत होतं म्हणून. खत होतंही. पण त्या रात्री गल्लीतल्या मांजरांनी गुलाब मुळासकट उपटून अंगणात आडवा केला. आता साली जाड पन्नीत गाठ मारून डीप फ्रीझरमध्ये ठेवते आणि सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आलं की बाहेर काढते. गाडी आली नाही तर पन्नी तशीच आत राहते.